चार ऑक्टोबरचं पान

४ ऑक्टो. ८६, शनि.
महिनाअखेर घर सोडायचंय, मालकाने विकलं. घानाची एफुआ आणि मी दोघींसाठी दोन बेडरूमचं शोधतोय. आज लॅबमधून थेट पार्कपलीकडच्या इमारतीत गेले, ५.०० वाजता. मॅनेजरने दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. उजेड चांगला, नळ गळत नाही, एक तारखेपासून मोकळा. घरी आले तर एफुआही तिथंच जाऊन आलेली, ४.१० ला. तिला सांगितलं, फ्लॅट सकाळीच गेला.
"फोनवर उच्चारांवरून मी त्याला इंग्लंडची वाटले असणार," ती म्हणाली. "जिना चढेपर्यंत इंग्लंड संपलं."
मला तो म्हणाला होता, तुम्ही लोक शांत असता, तुमचा त्रास नसतो.
ऐकून मला बरं वाटलं. तिला सांगितलं नाही.

५ ऑक्टो., रवि.
दोघी धातुशास्त्राच्या एकाच लॅबमध्ये. प्राध्यापकांचं शिफारसपत्र एकच, स्टायपेंड तेवढाच. पोलादाचे असे दोन नमुने असते तर निष्कर्ष लिहून मोकळी झाले असते.
ए. आरडाओरडा करत नाही. भांडी घासताना घानातल्या बहिणीला पत्रात काय काय कळवायचं नाही ते मोजत होती. पाच बोटं झाली, मग थांबली. मीही आईला फक्त हवामान कळवते. या आठवड्यात: थंडी वाढली, पानं लाल झाली.

८ ऑक्टो., बुध.
ए. शहराच्या ऑफिसात मॅनेजरविरुद्ध तक्रार देऊन आली. तिथल्या बाईने विचारलं, त्याच दिवशी कुणी काही लिहून ठेवलंय का? ए. म्हणाली, माझी मैत्रीण स्वतः किती वाजता शिंकली तेही लिहिते. मला हे सांगताना खूप हसली. घड्याळबाई म्हणते मला.
त्यांना चार तारखेचं पान पूर्ण हवं, खाडाखोड नको. सोबत इंग्रजी भाषांतर, खाली माझी सही.
म्हटलं, बघते.
"काय बघायचंय? लिहिलेलं आहेच ना?"
आहे.

१२ ऑक्टो., रवि.
शॉमबर्गला, शहराबाहेरच्या उपनगरात, काकूंकडे दसऱ्याचं जेवण. बारा-पंधरा माणसं, मुलं तळघरात टीव्हीसमोर. काकूंना तक्रारीचं कळलं होतं, त्यांनी स्वयंपाकघरात गाठलं.
"तुला मिळतोय ना फ्लॅट? मग घे आणि गप्प बस. तुझा व्हिसा आहे, उगाच कशात सापडू नकोस. आपण इथं पाहुणे."
काकूंना इथं येऊन सतरा वर्षं झाली.
"आणि कशी आहे गं ती? म्हणजे, स्वच्छ वगैरे?"
"माझ्यापेक्षा."
"बरं बाई, रागावू नकोस. श्रीखंड देते डब्यात, तिलाही दे."
डबा दोघींना पुरेल एवढा भरला होता. काकू वाईट नाहीत. परतताना ट्रेनमध्ये मनातल्या मनात त्यांना सडेतोड उत्तर देत होते, चांगलं जमत होतं. घरी येऊन चार तारखेचं पान उघडलं. शेवटची ओळ वाचली.

१४ ऑक्टो., मंगळ.
मॅनेजरचा फोन. शुक्रवारपर्यंत ठेवतो तुझ्यासाठी. एकटीच राहणार ना? म्हटलं, कळवते. 'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता.
ए. ब्रेडला श्रीखंड लावून खात होती. "हे चीज आहे की मिठाई? तुमचं तुम्हाला तरी ठरलंय का?" हसले. मग फोन कुणाचा होता ते सांगितलं.
"आणि तू काय म्हणालीस?"
"कळवते म्हटलं."
तिने ब्रेड खाली ठेवला. नंतर दिवसभर लॅबमध्ये कामापुरतं बोलली. एरवी दोघी एका टेबलावर जेवतो. आज ती वाचनालयात गेली.

१६ ऑक्टो., गुरु.
उद्या सकाळी १० ला शहराच्या ऑफिसात दोघींना बोलावलंय. आज लॅबच्या टाइपरायटरवर भाषांतर केलं. वेळा दोनदा तपासल्या. मॅनेजरचं वाक्य जसंच्या तसं. शेवटची ओळ सोडली.
ए. समोर संत्रं सोलत बसली होती. माझं झाल्यावर तिने हात पुसले, वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. मराठी तिला येत नाही. बोट मात्र ओळीओळीने खाली आलं.
"घड्याळबाई, ही शेवटची, छोटीशी. हिचं इंग्रजी कुठंय?"
म्हटलं, ते खासगी आहे.
"तुझ्याबद्दल की माझ्याबद्दल?"
मी कागद सरळ केला. तिने अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं आणि कॉफी आणायला खाली गेली. दोन कप आणते, म्हणाली.
कागद परत यंत्रात घातलाय. मॅनेजरच्या वाक्याखालची, शेवटच्या ओळीची जागा बरोबर जुळली आहे. ती वर येईपर्यंत हे लिहितेय. जिन्यावर पावलं वाजतायत, तिचीच असावीत.