कढईचे पान

१२ जानेवारी २०२५, रविवार. पाली

यमाला कोट घातला आहे! काळा कोट, समोर काचेचे टेबल. चित्रगुप्त लॅपटॉपवर नोंदी चाळतो, देवदूत पांढरे पंख सावरत त्यांना चहा आणून देतात आणि दर वाक्याला मागून कुणीतरी खदाखदा हसते. रत्नाच्या घरी टीव्ही सुरू होता म्हणून हे दर्शन घडले. रत्ना माझी जुनी विद्यार्थिनी, आता इथे शिक्षिका. म्हणाली, मालिका आहे हो बाई, मनाला लावून घेऊ नका.

का लावून घेऊ नये? एकेचाळीस वर्षे मी सुतकाच्या घरी मृत्यूची पोथी वाचते आहे. नरक म्हणजे हसण्याची जागा नव्हे!

उद्यापासून वरच्या धनगरवस्तीवर वाचन. शुक्रवारी रखमाजी वारले. त्यांचा मुलगा हनुमंत भोरला माझ्या वर्गात होता. तोच मला मोटारसायकलवरून भोरहून घेऊन आला; मुक्काम रत्नाकडे. बाईमाणसाने पोथी वाचायची का, असा प्रश्न भावकीत निघालाच. हनुमंत म्हणाला म्हणे, "मला शिकवलं तवा बाईमाणूसच होत्या की." शाबास.

१३ जानेवारी, सोमवार

पोथी पाटावर मांडली. वडिलांकडून आलेली, सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये बांधलेली. पाने एकशे सात. एकदा मांडली की दहावा होईपर्यंत पोथी त्या घरातून हलवायची नाही. रोज आधी पाने मोजायची, मग आरंभ करायचा. वास्तविक सारी पोथी मला मुखोद्गत आहे. तरी पान समोर हवे – स्मरणशक्तीवर माणसाने गर्व करू नये.

वाचन संपल्यावर रखमाजींच्या पत्नी साळूबाई जवळ सरकल्या. लोक उठून जाईपर्यंत थांबल्या, मग हळू विचारले, "बाई, बकरं इकणाऱ्याचं काय लिवलंय ह्यात?"

मी म्हणाले, लिहिले आहे. नवव्या दिवशी नरकाचा अध्याय आहे, तेव्हा ऐका.

जन्मभर रखमाजींनी शेळ्या राखल्या आणि बोकड खाटकाला दिले. अशांसाठी उकळत्या तेलाची कढई सांगितली आहे. त्या पानावर चित्रही आहे – कढई, तीत तरंगणारी मुंडकी, काठावर शिंगे असलेले यमदूत. साळूबाई चित्राकडे पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. खरे तेच सांगितले. त्यात माझे काय चुकले?

१५ जानेवारी, बुधवार

परदेशी काव्यांतील नरकही मी भाषांतरांतून वाचला आहे. तिथला सैतान हा रुसून पडलेला देवदूत. त्याला स्वतःचा अभिमान आहे, म्हणून कवींना तो आवडतो. आमच्या यमाला ना राग ना लोभ. तो धर्माचा सेवक. म्हणूनच त्याची भीती वाटते – जो रागावत नाही त्याची मनधरणी कशी करणार? टीव्हीवाल्यांनी त्याला विसराळू हेडक्लार्क केला! वाहिनीला पत्र लिहिले. रत्ना हसली. हसू दे. टपालात टाकलेच.

१६ जानेवारी, गुरुवार

आज वस्तीवर तोच तमाशा! साळूबाईंची नात सुप्रिया मोबाईलवर ती मालिका लावून बसलेली आणि शेजारी साळूबाई. चित्रगुप्ताच्या फायलीतले एक पान हरवते. पान नाही तर पाप नाही, असे म्हणून पाप्याला सोडून देतात. देवदूत टाळ्या वाजवतात.

साळूबाईंनी मला विचारले, "पान गेलं की सुटतो का, बाई?"

मी सुप्रियेला मोबाईल बंद करायला लावला. साळूबाईंना सांगितले, ती करमणूक आहे. पोथीतले एक अक्षर मी आजवर गाळले नाही, गाळणारही नाही. जरा मोठ्यानेच बोलले. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी, वस्तीवर

एकशे सहा! तीनदा मोजली. एकशे सहाच.

कढईचे पान जागेवर आहे. गेले आहे ते उद्या, समाप्तीला वाचायचे पान – मरणाऱ्या माणसाच्या उशाशी यमदूत येतात, फास टाकतात आणि इतक्यात विष्णूचे दूत पोहोचून त्यांना अडवतात, ते. मरताना त्याने पोराला हाक मारली होती आणि पोराचे नाव देवाचे होते, एवढ्यावर त्याची सुटका! साऱ्या पोथीत मला सर्वांत प्रिय असलेले पान.

साळूबाईंना बाहेर बोलावले. त्या आढेवेढे न घेता मला शेळ्यांच्या कुडाकडे घेऊन गेल्या. ह्याही पानावर चित्र होते. कढईच्या आणि ह्या, दोन्ही चित्रांत शिंगवाले आहेत हे खरे. पण ह्या चित्रातला बाजेवरचा माणूस मिशीवाला. विष्णुदूतांच्या बाजूला पूर्वीच पाणी पडून आकृत्या पुसट झालेल्या.

"ह्यांच्यावानीच मिशा हुत्या, बाई. अन् शिंगवाले वढत हुते त्येंला." मान वर करून म्हणाल्या, "म्या शेळीला घातलं. जिची पोरं इकली तिनंच खाल्लं. आता पाप कुणाचं ऱ्हायलं? तुमी सांगा."

त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची सुटका शेळीला चारली, हे मी सांगितले नाही.

शेवटी एवढेच विचारले, जाताना रखमाजी काही बोलले का? "हनुमंताला हाक मारली की. दोनदा. त्यो किकवीला गेल्याला."

लोक जमले. हनुमंत बोलवायला आला आहे. नरकाचा अध्याय. एक अक्षर गाळणार नाही असे मीच म्हणाले होते.

२१ जानेवारी, मंगळवार. भोर

शनिवारी कढईचे पान हातात धरले आणि विष्णुदूतांचे म्हटले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, खड्या आवाजात, अर्थही सांगितला. हनुमंताने एकदा चमकून माझ्याकडे पाहिले. साळूबाई हात जोडून बसल्या होत्या.

परवा दहावा झाला. पोथी बांधण्यापूर्वी शेळ्यांच्या कुडाकडे मी एकटीच गेले. जुना कागद, शेळीने दोन घासांत संपवला.

विष्णुदूतांचे पान आज हाताने लिहून जागी घातले. कढईचे मला आठवत नाही.