बाहेरची मूठ

रिठद, श्रावण

प्रिय भास्करा,

'प्रिय' लिहिलं खरं, पण आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. मधे बोलू नकोस. तसाही तू कधी बोलायचास?

पंधरा ऑगस्टला चावडीसमोर तुझ्या नावाची शिळा बसवणार आहेत. रिसोडच्या कुणा शेठजींनी दगड दिला आहे. काल सरपंच स्वतः घरी आले होते. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "बाई, तुमचं लिहेल मासिकात छापून येते. भास्करच्या दगडासाठी चार वळी द्या ना लिहून. शूर, वीर, निडर, असं कायतरी. परवा पाथरवट येऊन राह्यला."

मी हो म्हटलं. कागद घेतला, 'निडर' हा शब्द लिहिला, आणि असा संताप आला की कागद फाडून चुलीत टाकला. निडर? तू? कंदिलाची काच पुसायलासुद्धा हातातली अंगठी काढून ठेवणारा माणूस तू. सगळ्या रिठदमध्ये तुझ्याइतकं भिऊन जगणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

म्हणून हे पत्र. शिळेवर काय लिहायचं ते सुचण्याआधी तुला काय सुनवायचं ते सुनवून घेते.

मी शिकवते त्या चौथीच्या वर्गात तू आला होतास, आठवतं? लढाई संपून दोन वर्षं झाली होती. तू हवाई दलातल्या नोकरीची मुदत पुरी करून ट्रंक, घोंगडी आणि मऊ पिवळ्या फडक्यांची एक गुंडाळी घेऊन परत आला होतास. मीच पोरांना सांगितलं होतं, माझा भाऊ विमानं दुरुस्त करायचा. तू येताना वाळलेल्या भोपळ्याचं अर्धं कवच आणलंस. माझं फळा पुसायचं डस्टर झालं विमान, त्यावर खडूचा तुकडा बसला वैमानिक म्हणून, आणि वरून तू भोपळा पालथा घातलास.

"हे झाकन, पोरायहो. काच नाई ते, काचेवानी दिसते. काचेसारखं फुटत नाई, पन ओरखडा लवकर पडते. त्याच्यावर माशीएवढा डाग राह्यला, तं वर आभायात वैमानिकाले वाटते, दुश्मनाचं इमान आलं. म्हनून पुसाचं कसं? गोल गोल नाई. गोल पुसलं तं गोल चरे पडतात अन् उन्हात डोये दिपतात. वरून खाली, सरळ."

पोरं हसली, कारण तू हवेत फडकं फिरवून दाखवलंस आणि तुझा चेहरा पूजेला बसलेल्या माणसासारखा झाला होता. मग तू सांगितलंस की झाकणाच्या कडेनं सायकलच्या ट्यूबसारखी रबराची नळी असते. झाकण बसलं की तिच्यात हवा भरते आणि फट बुजते. झाकणाखाली दारू ठासलेली असते, जीव वाचवायची वेळ आली की वैमानिक आतली मूठ ओढतो, झाकण उडून मागे जातं आणि पाठोपाठ खुर्ची त्याला घेऊन बाहेर फेकली जाते. जमिनीवर असताना ती दारू चुकून पेटू नये म्हणून तिला पिना लावून ठेवतात. प्रत्येक पिनेला लाल फीत. विमान निघायच्या आधी मेकॅनिकनं पिना काढायच्या आणि हात वर करून वैमानिकाला एकेक दाखवायच्या. त्यानं मान हलवली की मगच झाकण बंद.

पहिल्या बाकावरच्या शांतीनं विचारलं, "अन् काका, आतला मानूस बेसुद पडला तं?"

तू खूश झालास. भोपळा उचलून दुसऱ्या बाजूनं दाखवलास. तिथे तू आधीच लाल खडूनं एक बाण काढून आणला होतास. "शाब्बास बाई तुयी. म्हनून बाहेरूनबी मूठ असते. तिच्यापाशी असा लाल बान काढेल असते, अन् बाजूले लिहेल असते कसं उघडाचं ते. वाटंचा मानूस आला अन् त्याले काही मालूम नसलं, तरी वाचून त्याले उघडता आलं पाह्यजे."

शाळा सुटल्यावर पटांगणातल्या लिंबाखाली बसून तू मला उरलेलं सांगितलंस. पोरांना न सांगितलेलं.

एकाहत्तरच्या लढाईत एक विमान मार खाऊन परत आलं आणि धावपट्टीवरून घसरून मातीत रुतलं. सगळ्यांत जवळ तू होतास. धावत गेलास, वर चढलास, बाहेरच्या मुठीला हात घातलास. मागून साहेब ओरडले, थांब! झाकणाची चौकट वाकली होती आणि आतली दारू जिवंत होती. तशीच मूठ ओढली असती तर झाकण आणि खुर्ची दोन्ही उडाली असती. तोही गेला असता आणि तूही. आधी पिना लावायच्या, मग मूठ. पिना घेऊन एक जण पळत येतच होता. तू हात मागे घेतलास. तो पोचायच्या आत आग पोचली आणि तुला तिघांनी ओढून बाजूला नेलं.

चौकशीत म्हणाले, नियमाप्रमाणे वागला, याची काही चूक नाही.

तू मला म्हणालास, "तो माह्याकडं पाहून राह्यला होता, बाई. झाकन मीच पुसलं होतं सकाळी. इतकं साफ, की मधात काहीच नाई असं वाटे."

मीही म्हटलं होतं, तुझी चूक नव्हती. आजही म्हणते. मग तू ते ऐकलं का नाहीस? की माझं ऐकलं होतंस, आणि नंतरचंही ऐकलंस?

नंतरचं मला लिहायलाच हवं. लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

तू परत आल्यापासून या घरात कुठलीच गोष्ट सरळ होत नव्हती. मोट सुरू करायच्या आधी तू दोर वीतवीत चाचपायचास. इंदूनं पेटी बंद केली की तू पुन्हा उघडून बंद करायचास. बिचारी तुझी बायको, तिनं कधी तक्रार केली नाही. विधवा होऊन माहेरी राहिलेली थोरली बहीण मी, माझी जीभ मात्र मोकळी होती. गेल्या पौषात शाळा तपासायला साहेब येणार होते. मला सातला निघायचं होतं आणि तू स्टोव्ह पेटवू देईनास. "थांब बाई, वायसर पाहू दे." वायसर झाला. "थांब, टाकी पाहू दे." मी पदर खोचून उभी, आणि तू टाकी कानाशी धरून ऐकत बसलेला.

मी म्हणाले, "तपासत बसाचं अन् वेळेवर हात मागं घ्याचा, इतकंच शिकून आला काय रे तू तिकडून?"

तू वर पाहिलंस. स्टोव्ह पेटवलास, चहाचं आधण ठेवलंस आणि बाहेर गेलास. मी चहा पिऊन शाळेत गेले. साहेबांनी शेरा चांगला दिला. संध्याकाळी तो मी तुला कौतुकानं वाचूनही दाखवला. किती निर्लज्ज असतो माणूस!

मग वैशाखातली आखाजी झाली आणि शेजारच्या महादूनं पेव उघडलं.

या पेवांबरोबर आपण लहानाचे मोठे झालो. गावठाणाच्या पांढरीत, पांढऱ्या मातीत, खोल खणलेला खड्डा, त्यात ज्वारी भरून तोंड बुजवलेलं, आत महिनोन्‌महिने साचलेली वाईट हवा. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा, आणि कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. हे रिठदमधलं शेंबडं पोरही सांगेल. महादूच्या घरी लग्न होतं, त्याला घाई होती. कंदील विझला तर म्हणाला, "वाऱ्यानं विझला असन," आणि उतरला. उतरला तो शुद्ध हरपून खाली बसलाच.

मी शाळेत होते. पुढचं मला महादूच्या बायकोनं, सरूनं सांगितलं. तू वावरातून पळत आलास. तुझ्यासमोर पुन्हा कंदील सोडला, तो पुन्हा विझला. तू तो विझताना पाहिलास, भास्करा. दोर एकच होता. सरू म्हणाली, "भाऊ, थांबा, आमच्या गोठ्यातून दुसरा दोर आनते." गोठा किती लांब? मी मोजला आहे. माझी चाळीस पावलं.

तू म्हणालास, "या खेपेले नाई थांबत."

श्वास कोंडून उतरलास, दोर महादूच्या काखेतून घालून गाठ मारलीस आणि हाक दिलीस, "ओढा!" त्याला वर ओढलं. त्याला सोडवून तोच दोर खाली सोडला, तर धरायला तू नव्हतास.

हाक द्यायला श्वास लागतो रे. एवढंही सुचलं नाही तुला? पिना मोजणारा माणूस तू!

गाव म्हणतं, काय हिंमत. 'या खेपेले' म्हणजे काय, हे गावाला ठाऊक नाही. सरूलाही नाही. मला ठाऊक आहे, आणि तू ते मला एकटीला ठाऊक ठेवून गेलास, हा माझा तुझ्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे. त्या पेवात तू कुणासाठी उतरलास? महादूसाठी? झाकणाखालच्या त्या पोरासाठी? की पौषातल्या सकाळी तुझ्या बहिणीनं तुझ्या तोंडावर फेकलेल्या एका वाक्यासाठी? तीन महिने मी हेच विचारते आहे, आणि उत्तर देणारा एकटा माणूस स्वतःच्या पायांनी खाली उतरून गेला.

महादू रोज सकाळी आपल्या ओट्यावर काहीतरी ठेवून जातो. कधी वांगी, कधी ताकाचा गडू. मी त्याच्याशी बोलत नव्हते. परवा त्यानं मला अडवलं.

"बाई, काई बोला ना. शिव्या द्या, पन बोला."

"तुले कायले देऊ शिव्या? ज्याले द्याच्या तो आयकत नाई."

तो तिथेच ओट्याखाली बसला. म्हणाला, "मले दिसत होतं बाई, कंदील इझला ते. मीनं मुद्दाम वारा म्हनलं." एवढं मोठं माणूस, रडत होतं. मी घरात आले. इंदू तुझ्या पिवळ्या फडक्यानं कंदिलाची काच पुसत होती, वरून खाली, सरळ. अंगठी काढून उंबऱ्यावर ठेवली होती तिनं. कुणी शिकवलं तिला? मला तर तू कधी पुसू दिली नाहीस.

त्या अंगठीकडे पाहत असताना मला तुझा भोपळ्यावरचा बाण आठवला.

आता ऐक, शिळेवर काय येणार ते. शूर नाही, वीर नाही, निडर तर नाहीच. सरपंचांना आज सकाळी सांगून आले. ते म्हणाले, "बाई, हे तं पाटीवर लिहाचं झालं, दगडावर कायले?" मी म्हटलं, पाटी पुसली जाते.

वर एक बाण. त्यात लाल रंग भरायचा. तो शाळेच्या भिंतीकडे दाखवणार. खाली मोठ्या अक्षरांत: 'पेव उघडल्यावर दिवसभर थांबा. कंदील सोडा. कंदील विझला तर उतरू नका. आत माणूस पडला असेल तर दोन दोर शाळेच्या भिंतीला आहेत. एक त्याच्यासाठी. एक आधी स्वतःच्या कमरेला.' आणि सगळ्यांत खाली, लहान अक्षरांत, तुझं नाव. वाटंचा माणूस आला आणि त्याला काही माहीत नसलं, तरी त्याला वाचून करता येईल. तुझं तुलाच करता आलं नाही, ते.

दोर महादू वळतो आहे. मीच सांगितलं त्याला. गेल्या तीन महिन्यांत त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं धड वाक्य ते.

मी तुला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही, आणि घाईनं करणारही नाही. पण एवढं वचन देते: दरवर्षी आखाजीच्या आधी ते दोन्ही दोर मी भिंतीवरून उतरवीन आणि तुझ्यासारखेच वीतवीत चाचपीन. कुणी म्हणालं, बाई, उशीर होऊन राह्यला, तर त्याला थांब म्हणेन. शाळेला उशीर झाला तरी चालेल, आधी वायसर पाहीन, टाकी कानाशी धरून ऐकीन, आणि मगच काडी ओढीन.

तुझ्यावर रागावलेली,
तुझी बाई