बांबूला पाकळ्या नसतात

लिंबायत, सुरत

तीर्थरूप हिलालमामांस, गोपालचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे आणि मामींचा दमा या थंडीत दबून आहे का, ते कळवा. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण आमच्या एका खोलीत बोललेलं सगळं आईला ऐकू येतं, आणि तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, त्यामुळे तुमच्या गल्लीलाही.

गेल्या महिन्यात तुम्ही आईला कळवलंत की तिने लग्नाआधी परड्यात लावलेलं बांबूचं बेट फुललं. तिने फोन ठेवला, ताट सरकवलं आणि जाहीर केलं की बेट फुललं की लावणारा जातो, तेव्हा आता आपली तयारी झाली. तेव्हापासून ती फक्त पेज घेते, तीही दोन-चार घोट. गल्लीतल्या बायका भेटून जातात. (प्रमिलाबाई रडायला आल्या तेव्हा भजी घेऊन आल्या. ती मी खाल्ली.) लोक आईला धीर द्यायला येतात आणि आईच त्यांना धीर देऊन पाठवते. मी क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे हे प्रकरण विज्ञानाने सुटेल, असं मला वाटलं.

मी तिला उशाशी बसून शिकवायला लागलो. म्हटलं, बांबू हे झाड नाही, गवत आहे. ज्वारी, बाजरी, भात, ऊस, सगळं त्याच कुळातलं. या कुळाने फार पूर्वी किड्या-माश्यांचा नाद सोडला आणि वाऱ्यावर भिस्त ठेवली. वाऱ्याला रंग दिसत नाही, वास कळत नाही, म्हणून पाकळ्या गेल्या. त्यांच्या जागी फार तर बारीक खवले उरले. ते फुगतात, फूल उघडतं, धाग्यांना लोंबणारे पुंकेसर बाहेर येऊन पराग उधळतात, आणि पिसासारखं स्त्रीकेसर तो हवेतून गाळून घेतं. हे गवत इतकं जुनं की डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात त्याचे कण सापडलेत, तेही आपल्या विदर्भात. आई म्हणाली, म्हणजे ते गवत खाऊन मेले. (माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही.)

मग मी रिक्षा करून तिला चलथाणकडे नेलं. तिथे उसाला तुरे आले होते. ऊसही गवतच, तोही फुलतो, आणि तोडला तरी खोडातून पुन्हा फुटतो, हे तिला डोळ्यांनी दिसावं असा बेत होता. फडात तोडणी चालू होती. पुष्पाबाई नावाची एक तोडणीवाली नवापूरकडची निघाली, म्हणजे आईला माहेरचंच माणूस भेटलं. आईने तिला तुऱ्याबद्दल विचारलं. ती कोयता न थांबवता म्हणाली, "तुरा आला की ऊस संपला, मावशी. वाढ बंद. आता ठेवला तर आतून पोकळ होत जातो." आईने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने खोडातले कोंब दाखवले. आई म्हणाली, "तो फुटवा म्हणजे तू. माझं काय?" परतताना मला परागाने शिंका सुरू झाल्या आणि रिक्षावाल्याने आजारी मीच समजून मला मागे आडवं केलं.

मामा, त्या परतीच्या वाटेत ती सहज म्हणाली की तुझं शास्त्र खोटं आहे, हिलालने पाहिलंय, परड्यात पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडलाय आणि घरभर वास आहे. मी शिंकत राहिलो. फुललेला बांबू वाळलेल्या कणसांसारखा दिसतो. त्याखाली भुसा पडतो. पाकळ्या पडत नाहीत आणि वासही येत नाही.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गोपाल

ता. क. पत्र खरं म्हणजे इथून सुरू होतं. आईला तेल लावताना तुमच्या भाचेसुनेच्या, धनश्रीच्या हाताला मानेत गाठ लागली. कुणाला सांगू नको म्हणून आईने तिला शपथ घातली होती, ती तिने काल मोडली. भाकरी गिळवत नाही हे दिवाळीपासून आहे, बेट त्यानंतरचं. दवाखान्याच्या खर्चाने पोरांना कर्जाच्या खड्ड्यात घालायचं नाही म्हणून तिने बांबू पुढे केला आणि तुम्ही तो फुलवून दिलात. मी विचारून आलो, डॉक्टर म्हणतात, गाठीचा तुकडा तपासू द्या, अजून कदाचित काही करता येईल. ती म्हणते, बांबूला डॉक्टर काय करणार. तुम्ही इथे येऊन तिच्या तोंडावर सांगा की बेट हिरवं आहे. माझं ती ऐकत नाही.

ता. क. दुसरा. धनश्रीने हे सगळं तिला वाचून दाखवलं. मला वाटलं रागावेल. ती तुमच्याबद्दल म्हणाली, "मी त्याले नुसता फुलं सांगेल व्हतात. पाकळ्या त्यान्या पदरन्या शेतस. धाकलपनपासून त्याले खोटं बोलता येत नही." मग हसायला लागली. हसताना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही. पत्र पोचायची वाट पाहत नाही, याचा फोटो काढून तुम्हाला पाठवतो. पहिल्या गाडीने निघा.