आधी कंपायलर ठरू दे

३ मार्च, सोमवार
घशाच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. हिचं स्वरयंत्र काढावं लागणार. ऑपरेशन एकतीस तारखेला. जीव वाचेल, आवाज जाईल. बसमध्ये मीच बोलत होतो. घरी पोचेपर्यंत योजना तयार. घरचा कॉम्प्युटर काय नुसता शोभेला ठेवलाय? हिची रोजची वाक्यं हिच्याच आवाजात रेकॉर्ड करायची, प्रोग्राम मी लिहायचा. हिने बटण दाबलं की कॉम्प्युटर हिच्या आवाजात बोलणार! हिला सांगितलं तर डोळे भरून आले. मग विचारलं, कधी बसू बोलायला? म्हटलं, आधी कंपायलर ठरू दे.

६ मार्च
आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर, असं हिला समजावलं. म्हणाली, म्हणजे दुभाषाच की. तसं अगदी नाही, पण असो.
प्रश्न एवढाच की फुकटातला घ्यायचा की विकतचा. ऑफिसातला हिशेबनीस (मी मनातल्या मनात त्याला फुकट्या म्हणतो) म्हणतो, फुकटातला घ्या, जगभरच्या हुशार लोकांनी मिळून बनवलाय. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो, खोक्यातला घ्या, सोबत जाडजूड मॅन्युअल, अडलं तर फोनवर मदत. मला दोघांचंही पटतं. नि:पक्षपाती माणसाचे हे असे हाल.

१० मार्च
तक्ता केला. डावीकडे फुकटचा, उजवीकडे विकतचा. गुण दिले, बरोबरी झाली. निकष बदलून पुन्हा दिले. परत बरोबरी. घाईने केलेल्या कामांची काय वाट लागते ते ऑफिसात रोज बघतो. घाई नाही करणार.

१३ मार्च, संध्याकाळ
फुकट्याने दिलेल्या डिस्क घालून पाहिल्या. चार ओळी लिहिल्या तर स्क्रीनभर एरर. तो म्हणे, एक अर्धविराम राहिला असेल. एवढ्याशा गोष्टीचा एवढा तमाशा करणाऱ्यावर मी माझ्या बायकोचा आवाज सोपवू? काढून टाकला.
ही तयार होऊन मायक्रोफोनपाशी बसली होती. केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे. म्हटलं, अगं, आवाज घ्यायचाय, फोटो नाही. खूप हसली. हसण्याचीही एक फाईल करावी असं सुचलं. करू नंतर.

१६ मार्च, रविवार
मेहुणी टेपरेकॉर्डर घेऊन हजर. म्हणाली, भावोजी, तुमचं ठरेल तेव्हा ठरेल, तोवर मी ताईचं टेपवर घेऊन ठेवते. तिला शांतपणे समजावलं. टेपला खरखर येते. फाईल कुठल्या प्रकारची लागेल हे कंपायलरवर अवलंबून. आणि तेच तेच बोलून घशाला उगाच ताण. एकदाच करू, पण नीट करू. ती टेप उचलून निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही. स्वभावच तसा तिचा.

२० मार्च
विकतचा घेतला. खोकं देखणं आहे. मॅन्युअल क्रमाने वाचावं, असं प्रस्तावनेतच लिहिलंय. आवाजाचं प्रकरण शेवटचं आहे. मी शिस्तीत पहिल्यापासून सुरुवात केली.

२४ मार्च
हिची वाक्यं पाठ झालीयत म्हणे. ‘अहो, ऐकलंत का’. ‘किल्ली घेतलीत का’. लेकीला फोनवर सांगायचं ‘पोचलीस की कळव’. आणि एक वाक्य मी खोलीत नसताना बोलायचंय. मी बाहेर थांबायचं कबूल केलं. आवाज बराच घोगरा झालाय. एखाददोन दिवस विश्रांती घेतली तर रेकॉर्डिंग स्वच्छ येईल, असं मीच सुचवलं. मॅन्युअलची पाच प्रकरणं झाली.

२८ मार्च
फुकट्याने नवी आवृत्ती आणली. आवाजाची सोय या आवृत्तीत जास्त चांगली, म्हणतो. हे मेल्याला आत्ता सुचलं! अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन्ही शेजारी शेजारी ताडून पाहिले. हिने दोनदा दारातून डोकावलं. खुणेनेच थांब म्हटलं.

३० मार्च, रविवार
ठरलं! फुकटचाच. एकदाचं डोक्यावरचं ओझं उतरलं. हिला सकाळीच हॉस्पिटलात भरती केलंय, तिथे धावत जाऊन बातमी दिली. घोगऱ्या आवाजात तिने विचारलं, “मग आता बोलू?”
मायक्रोफोन घरी, कॉम्प्युटर घरी. ते धूड वॉर्डात कसं आणणार? सकाळी डॉक्टरांना आठवडाभर पुढे ढकलायला सांगतो. समजूतदार वाटतात.

३१ मार्च
डॉक्टर म्हणाले, ढकलण्यासारखं ते नाहीच. आधीच उशीर झालाय. आत नेताना हिने माझा हात धरला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी म्हटलं, बोलू नकोस, घशाला ताण नको. मान डोलावली तिने.
ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.

१९ एप्रिल, शनिवार
ही आता घरी आहे. पाटीवर लिहून भागवते. आज प्रोग्राम लिहून काढला. एका दुपारीत झाला, एकही एरर नाही. विकतच्या कंपायलरवर चालवून पाहिला, तिथेही चालला. दोघांत काडीचाही फरक नाही.
स्क्रीनवर एकाखाली एक बटणं आली. पहिलं दाबलं. ‘फाईल सापडली नाही’. दुसरं दाबलं. तेच. सगळी दाबून पाहिली. आत घालायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तेव्हा मला रडू आवरेना.
ही कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. ओठ हलले फक्त. मला समजलं नाही. पाटी पुढे केली तर बाजूला सारली आणि पुन्हा तेच म्हणाली, सावकाश, माझ्याकडे बघत.
मी हो म्हटलं. काय म्हणाली ते मला अजून माहीत नाही.