ईराला ऐकू आलेला किडा

आनेकल

ती. अक्कास मुकुलचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा फणसाच्या खोडावर ईराला सिकाडा नावाचा किडा दिसला. म्हणाली, "बाबा, हा कित्येक वर्षं मातीत मुळांचा रस पिऊन राहतो. मग वर येऊन कात टाकतो, काही आठवडे ओरडतो आणि मरतो." मग तिने कानांवर हात ठेवले. "केवढा ओरडतोय!"

त्याचं पोट थरथरताना दिसत होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी नुसती मान डोलावली, पण पोरीने ओळखलं. तिने तिच्या आईला सांगितलं आणि विद्याने मला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "उंच पट्टीचे आवाज गेलेत. बाकीचेही हळूहळू कमी होतील."

आईला इतक्यात सांगू नकोस. भीती वाटते गं.

आता संध्याकाळी ईराला मोठ्याने वाचायला बसवतो. ती विचारते, "पुरे?" मी म्हणतो, "अजून स्वल्प, थोडंसंच."

तुझा,
मुकुल