डब्लिन की लिस्बन

१२ एप्रिल, शनिवार
सौमित्रचं सिंगापूरमधलं, पाया लेबारचं ऑफिस जूनअखेर बंद. कंपनी दोन जागा देतेय — डब्लिन किंवा लिस्बन. पंधरा दिवसांत उत्तर हवं. "तू अकाउंटंट आहेस, खर्चाचं तूच बघ," म्हणाला. इथे टॅम्पिनीसमध्ये बारा वर्षं संसार केला, आणि आता आयर्लंड-पोर्तुगालचे दुधाचे भाव बघत बसलेय.

१३ एप्रिल
डब्लिनचं भाडं जीवघेणं. लिस्बनचं त्या मानाने बरंच कमी. पण पगारही कमी, आणि इंग्रजी शाळेची फी वेगळीच. जाईला विचारलं. नऊ वर्षांची पोर, टॅबवरून मान न उचलता म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट गो लाह."

१५ एप्रिल
सगळं मांडून बघितलं. डब्लिनच परवडतं. सौमित्रला दाखवायला गेले. त्याने कागद हातातही घेतला नाही.
"लिस्बन," म्हणाला. "हीटरचं बिल मात्र जास्त धर. हिवाळ्यात घरं आतून गारठतात, बाहेर उन्हात बरं वाटतं. आणि भाजी मंगळवारी घ्यायची. चढाखालच्या दुकानात."
तो लिस्बनला कधी गेलेला नाही.
"तुला कसं माहीत?"
"वाचलं कुठेतरी."
मंगळवारची भाजी कुठे लिहिलेली असते?

१७ एप्रिल
मैत्रिणीशी, नीताशी फोनवर बोलले. हसली. "नवरे आधी ठरवतात, मग विचारतात गं." असेल.

२२ एप्रिल
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. ओढून काढला. लिस्बनच्या एका घराचा भाडेकरार, फेब्रुवारीतला. तेव्हा सौमित्र लंडनला ट्रेनिंगला होता. म्हणजे मला तरी तसं सांगितलं होतं.
राहणारे तीन — सौमित्र मोघे, राधिका मोघे, जाई मोघे. माझ्या नावापुढे सही. 'र'चा लांब फराटासुद्धा हुबेहूब माझा. मी ती केलेली नाही.
करारावर एजंटचा नंबर होता. दुपारी व्हिडिओ कॉल लावला. वयस्कर बाई. माझ्याकडे निरखून बघत राहिली. म्हणाली, घराबद्दल मी फक्त मिस्टर किंवा मिसेस मोघेंशीच बोलेन.
"मीच मिसेस मोघे."
"नाही," ती हळूच म्हणाली. "त्या मागच्याच महिन्यात पडद्यांची मापं घेऊन गेल्या. मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, असं शेजारच्या बेकरीतही सांगून गेल्या."
जाईला खरंच चालत नाहीत.
जेवताना सौमित्रसमोर करार ठेवला. त्याने घडी घालून खिशात टाकला. "थकलीयस तू. उद्या बोलू." आणि जाईला वरण वाढलं.

२३ एप्रिल
शाळेतून फोन. जाई आज आलेली नाही. सौमित्रच सोडायला गेला होता. त्याचा फोन बंद.
कपाट उघडलं. तिचा पासपोर्ट नाही. त्याचा नाही.
माझाही नाही.