माहेरच्या नावाचा रकाना

माय, आज टेबल आवरताना तुझी आठवण आली असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोज सकाळी दहाला टेबलाचं कुलूप उघडते तेव्हाच तू आठवतेस. धुळ्याची टपाल कचेरी, खिडकीपासून दुसरं टेबल. विभागातल्या टपाल कर्मचाऱ्यांचे दवाखान्याचे सगळे कागद माझ्याकडे येतात. लोक याला सरकारी विमा म्हणतात. विमा नाही तो. कर्मचाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरलेल्या डॉक्टरकडे किंवा सरकारी इस्पितळात उपचार घ्यायचे, कागद आमच्याकडे द्यायचे, आम्ही ते तपासून मंजुरीला पाठवायचे. नवरा टपालात आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर कोणाच्या खात्याकडून घेणार हे दोघांकडून लिहून घ्यायचं. निवृत्त झालेला माणूस आला की त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि सांगायचं की आपल्याकडे निवृत्तांसाठी ही सोय नाही. हे शेवटचं वाक्य मला अजून नीट बोलता येत नाही. मी त्यांचे अर्ज वर पाठवत राहते. मोठे बाबू म्हणतात, "काही होणार नाही, बाई," आणि तरीही प्रत्येकावर सही करतात.

तुझे कागद याच टेबलावरून परत आले होते.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. तुझ्या पोटातले खडे काढायला धुळ्याला न्यायचं ठरतं. आबांना रजा नाही, गावची अर्धी पेठ त्यांच्या टपालाच्या पिशवीची वाट बघत असते. म्हणून तुझ्याबरोबर मी. एसटीत तू खिडकीशी बसून मला शेंगा सोलून देतेस, आणि मी कुणी मैत्रीण दिसते का ते बघत असते. इस्पितळात नाव नोंदवायच्या खिडकीपुढे रांग. तू रांगेत, आणि मी चार हात लांब, भिंतीवरचा सूचनाफलक वाचते आहे. खिडकीतला माणूस विचारतो, "नवऱ्याचं नाव?" तू मागे वळून बघतेस. घरी कुणी हे विचारलं की तू माझ्याकडे बोट दाखवायचीस, "हिले इचारा," आणि मी सांगायची. नवऱ्याचं नाव तू कधी उच्चारलं नाहीस, उच्चारणारही नव्हतीस. "अहो बाई, लवकर," तो म्हणतो. मग तू तुझं नाव सांगतेस, माहेरचं. लग्नात बदललं त्याच्या आधीचं, पुढे आजोबांचं नाव, पुढे मामांचं आडनाव. तो लिहून घेतो. त्याला काय.

दोन महिन्यांनी कागद परत आले. सदर स्त्रीचे नाव कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या यादीत दिसत नाही. खरंच होतं ते, आबांनी यादीत तुझं सासरचं नाव दिलं होतं आणि दोन्हींतला एकही शब्द जुळत नव्हता. आबा उठून बाहेर जाऊन बसले. बोलले मीच. तू चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होतीस आणि मी म्हणाले, "एवढं एक नाव सांगता येत नाही, माय? शिकलेल्या बायका सांगतात." तू भाकरी उलटलीस आणि हसलीस. "मंग सरकारले सांग, मी बिनलग्नानी शे." आबासुद्धा बाहेर हसले. पण पुढच्या वर्षी तुला दम लागायला लागला तेव्हाही तू तेच म्हणालीस, फक्त न हसता. "सरकारी कागदवर मनं नाव चालस नही, मी कशाले जाऊ?" मी पदवीधर झाले तेव्हा पेढे तुझ्या फोटोपुढे ठेवले. वेळेवर गेली असतीस तर वाचली असतीस का, कोण सांगणार. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, आणि मी आता विचारत नाही.

गेल्या वर्षी शिंदखेड्याचे एक पोस्टमन आले, सगळे त्यांना नाना म्हणतात. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या, हृदयाची झडप खराब. इथल्या इस्पितळाने मुंबईला ऑपरेशन सांगितलेलं, आणि त्याला खात्याची परवानगी हवी, तीही नाना नोकरीत असेपर्यंत. महिना संपला की कागद मेला. मी फाइल उघडली. इस्पितळाच्या कागदांवर एक नाव, नानांच्या कुटुंबाच्या यादीत दुसरंच. मला पुढचं वाचायची गरज उरली नाही.

मोठ्या बाबूंनी चष्मा वर केला. "हे दोन वेगळ्या बायकांचे कागद आहेत, बाई. यांना दोन आहेत का ते आधी विचारा."

"एकच भारी पडनी, साहेब," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "चाळीस वरीस व्हयनात, पन मनं नाव तिना तोंडमा येस नही. मी टपालले जायेल व्हतू. तिनी माहेरनं नाव सांगी दिन्हं."

"मग तहसीलमधून प्रतिज्ञापत्र आणा, ही आणि ती एकच म्हणून," मोठे बाबू म्हणाले. ते वाईट नाहीत, माय. नियमात तेच बसत होतं. पण चार दिवस उरले होते आणि त्यांतल्या दोन सुट्ट्या. नाना टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि मला आबा बाहेर जाऊन बसलेले दिसले.

मी विचारलं, "नाना, अक्कांना माहेरून पत्रं येतात का?"

"येतस ना. तिना भाऊ आखाजीना सनले दरसाल कार्ड धाडस, बहिणले लेवाले येस म्हनीसन."

"कोणत्या नावावर?"

नानांनी टोपी टेबलावर ठेवली. मग त्यांचा चेहरा असा उजळला की सांगता येत नाही. "तिना माहेरना नाववर! गल्ली मनी, घर मनं. मीच वाटस, मीच घर लई जास. बठ्ठा कार्ड तिनी पेटीमा ठेयेल शेतस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते कार्डांचा जुडगा घेऊन आले, लुगड्याच्या काठाने बांधलेला. तीसेक वर्षांची कार्डं. प्रत्येकावर माहेरचं नाव, खाली नानांच्या घराचा पत्ता, आणि त्यावर शिंदखेड्याच्या टपाल कचेरीचा गोल शिक्का. तिथल्या पोस्टमास्तरांनी सोबत चार ओळी लिहून सही केली होती, की या नावाचं टपाल या घरी याच बाईंना आम्ही पोचवत आलो आहोत. मी सगळं मोठ्या बाबूंपुढे ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, या नावाची बाई या घरात राहते, हे आपलं खातं तीस वर्षं मानत आलं आहे. एकही कार्ड 'पत्ता चुकीचा' म्हणून परत गेलेलं नाही." त्यांनी पाच-सहा कार्डं उलटसुलट केली. एक जरा जास्त वेळ वाचलं. "आपलाच शिक्का," ते म्हणाले, "आपणच कसा नाकारायचा?" आणि टायपिंगला दिलं. परवानगी नानांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी निघाली. ती मुंबईच्या इस्पितळाला टपालाने पाठवायलाही नाना स्वतःच गेले.

तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढला आहे. कर्मचाऱ्याच्या बायकोचं माहेरचं नाव. वरून हुकूम नाही, मीच पट्टीने रेघ ओढली. मोठे बाबू म्हणाले, "नसते उद्योग," आणि मग आतल्या पानावर स्वतःच्या बायकोचं नाव भरून दिलं. जळगावच्या कचेरीतल्या मैत्रिणीने नमुना मागून घेतला, तिच्याकडे बोदवडहून पहिली यादी आली. निवृत्तांचं अजून काही झालेलं नाही. होईल, असं मला वाटतं. अर्ज आता एकेकटे जात नाहीत, जुडग्याने जातात.

यंदा आखाजीच्या आधी अक्का स्वतः आल्या, भावाकडे जाता जाता, डब्यात मांडे घेऊन. जिना न थांबता चढल्या, असं नाना तीनदा म्हणाले. मुंबईच्या ऑपरेशनच्या एका कागदावर त्यांचा अंगठा हवा होता. आमच्या नवीन कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" अक्कांनी पदर ओढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुले माहीत शे. तू सांग." मी खुर्चीवरून उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पूर्ण नाव सांगितलं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं.

म्हणून हे पत्र, माय. पाकिटावर तुझी दोन्ही नावं लिहिली आहेत. पाकीट रजिस्टरमध्येच राहील, त्या रकान्याच्या पहिल्या पानावर, जिथे पहिलं नाव तुझं आहे.

एक राहिलं. त्या दिवशी इस्पितळात मी सूचनाफलक वाचत होते, असं वर लिहिलं आहे. आबांनाही तेच सांगितलं होतं. तू माझ्याकडे वळून बघितलंस ते मला दिसलं होतं. मी वाचत नव्हते.